परक्याची दृष्ट

आत्याबाई, सासू म्हणून तुमच्याविषयी माझी काही तक्रार नाही. संशय मात्र आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो काही फिटलेला नाही. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून नात लिहून घेते आहे. ती फरीदाबादेत वाढलेली, मध्येच थांबून विचारते, "आजी, दृष्ट यानी नज़र ना?" हो बाई, तीच. आता ती मी सांगते तेच लिहिते की तिच्या मनचं घालते, हेही मला कळायला मार्ग नाही. एका बाईनं किती जणींवर पाळत ठेवायची?

लग्न होऊन आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा मला सांगितलं होतं की थोरले दीर विशीतच विषमज्वरानं गेले. ठीक. पण पितृपक्षात मामंजींचं पान वाढलं, आजेसासऱ्यांचं वाढलं, आणि थोरल्या दिरांचं नाही. मी विचारलं, तर कढीला फोडणी देता देता तुम्ही म्हणालात, "त्याचं लग्न झालं नव्हतं. त्याचं नसतं करायचं. तू पाटपाणी बघ." मी पाटपाणी बघितलं, आणि दक्षिणा देताना भटजींना हळूच विचारूनही घेतलं. ते म्हणाले, "असं कुठे आहे वहिनी? सर्वपित्रीला सगळ्यांचं चालतं." मग शेजारच्या मावशी एकदा बोलून गेल्या, की थोरला नाटकापायी वेडा होता आणि त्यावरून बापाशी कडाक्याचं वाजलं होतं. ज्वराचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यातच मराठी मंडळाच्या बसनं आपण काला अंबला, मराठे पडले त्या रणभूमीवर, गेलो. घरी न परतलेल्यांसाठी सगळ्यांनी हात जोडले, आणि तुम्ही तोंडाला पदर लावून एवढ्या रडलात की ह्यांनी मला कौतुकानं सांगितलं, "आईला इतिहासाची फार ओढ." आत्याबाई, तुम्हाला एका पेशव्याचं नाव धड सांगता येत नव्हतं.

आणि मग तुमचा तो नट. एरवी भाजीवाल्याशी बोलतानाही डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या तुम्ही, त्याचा सिनेमा लागला की सकाळीच म्हणायच्या, "आज लवकर आटप." ह्यांना सांगायचं, देवळात जातो. सुरुवातीला तो हीरोचा मित्र असायचा, काडीसारखा, गालफडं बसलेला. तुम्ही पुटपुटायच्या, "काही खातो की नाही हा?" पुढे तो स्वतःच हीरो झाला, डोंगरांवरून गाणी म्हणत पळायला लागला. मला वाटलं, म्हातारपणी सासूबाईंचा जीव जडला की काय! मी चिडवलंसुद्धा, "पोस्टर आणू का, देवघरात लावायला?" तुम्ही हसला नाहीत. त्याच दिवशी अंधारात माझं लक्ष गेलं, तर तुम्ही पदराच्या गाठीतून मीठ-मोहऱ्या काढून मूठ पडद्याकडे ओवाळताय. चार मोहऱ्या पुढच्या सरदारजींच्या मानेवर पडल्या. ते वळून म्हणतात, "माताजी, ये क्या फेंक रही हो?" तुम्ही म्हणता, "मूँगफली." खोटं बोलायला तुम्हाला श्वासही घ्यावा लागला नाही. पण मला सांगा, परक्या पुरुषाची दृष्ट कोण काढतं?

मग तो ट्रक ड्रायव्हरचा सिनेमा आला. मला अजून दिसतं आहे. हा पंजाबी ड्रायव्हर झालेला, ढाब्यावर खाटेवर बसतो, पुढ्यात थाळी येते. आणि पहिला घास उचलायच्या आधी तो तळहातावर पाणी घेऊन थाळीभोवती फिरवतो, उजव्या बाजूला रोटीचे चार तुकडे मांडतो. चित्राहुती! आपल्याकडे पानावर बसल्यावर पुरुष घालतात तशी, हात आपोआप चालावा तशी. थिएटरात कुणाला काही वाटलं नाही. तुम्ही मात्र माझं मनगट असं धरलंत की काचेची बांगडी पिचली. बसस्टॉपवर मी विचारलं, "ढाब्यावर चित्राहुती कोण घालतं हो?"

"डायरेक्टरनं सांगितलं असेल."

"डायरेक्टर काय सदाशिव पेठेतला होता?"

"बसचा नंबर वाचता येत नाही, आणि निघाली चौकशा करायला!"

ते बरीक खरं होतं. आणि काशीकडचे पंडितही चित्राहुती घालतात म्हणा. म्हणून तर माझा संशय पुरता पक्का होत नाही. तो स्वतः सगळ्यांना सांगायचा, मी लाहोरकडचा, फाळणीत घरचं कुणी उरलं नाही. उरलं नाही म्हणे! इथे एक बाई दर सिनेमाला मोहऱ्या उधळते आहे. शेवटच्या दुखण्यात मी धीर करून सरळ विचारलं, "आत्याबाई, तो आपला का?" तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "तू जेवलीस का?"

तुम्ही गेलात, तो मात्र काम करत राहिला. हीरोचा बाप झाला, जज्ज झाला, पोट सुटलं, विग आला. मग सीरियलमधला आजोबा, आणि शेवटी गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. त्यात तो डावा खांदा पुढे काढून चालायचा, थेट ह्यांच्यासारखा. की म्हातारे सगळे सारखेच दिसतात? मी ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, "काहीतरीच तुझं," आणि चॅनेल बदललं. इतक्या घाईनं का बदललं, हा आणखी एक संशय. आता विचारायला हेही नाहीत.

या जानेवारीत तो गेला. टीव्हीवर दिवसभर त्याची गाणी लावली होती, आणि मधून मधून बातम्या देणारी मुलगी सांगत होती, मागे कुणीही नाही. आत्याबाई, माणूस गेल्याचं कळलं की घरच्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची, आणि परका असेल तर हळहळून चहा ठेवायचा, असं तुम्हीच मला शिकवलंत. मी चहा ठेवला. बाहेर धुकं, ओट्यापाशी मी उभी, आणि आधण उकळून उकळून आटून गेलं.

नात विचारते आहे, पाकिटावर पत्ता काय घालू. काही घालू नकोस, ठेव तुझ्याकडेच. फक्त शेवटी एवढं लिही. त्या दुपारी कडाक्याच्या थंडीत मी ओल्या केसांनी न्हाणीतून बाहेर आले. सून ओरडली, "आई, अहो, आत्ता कशाला?" मी म्हटलं, डोक्याला तेल फार झालं होतं. मलाही श्वास घ्यावा लागला नाही. तेल मी लावलंच नव्हतं.