कार्बन कर घरटी वाटला तर

लोहारा, सोमवार, १२ जानेवारी

उद्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मला कार्बन कराच्या बाजूनं बोलायचंय. धूर करणाऱ्यानं भरावं, हे पटतं. पण डिझेल महागेल, आणि घर चालतं अप्पांच्या जीपवर. मग मी खरं बोलणार, की नुसतं जिंकायला?

चुलीपाशी हे बोलून दाखवलं, तर अप्पा हसले, "लाव, आधी बापावरच लाव!"

आई भाकरी थापत म्हणाली, "भंडाऱ्याला ज्याचं रान जास्त त्यो धान्य जास्त देतो, पंगतीत समद्यांला सारखंच. जमलेला करबी घरटी सारखा वाटा की. जीप धरली तरी बंगलेवाल्यांपुढं आपला धूर किती? भरू त्यापरीस जास्तच परत मिळंल."

मी थक्क! स्पर्धेसाठी आणलेलं पुस्तक उघडलं. न वाचलेल्या शेवटच्या प्रकरणात अगदी हेच. आणि आई शाळेची पायरीही चढलेली नाही.

पुस्तकाचं नाव घेतलं तर परीक्षक लगेच मान डोलावतील. तरी उद्या सांगेन, हे मला आईनं समजावलं.