माझ्या छतावर परक्यांचा करार

३ जुलै. सकाळी ७.१०
बेडरूमचं छत गळतंय. पाणी कल्याणीच्या बाजूला टपकतं, माझ्या नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.
वरच्या मजल्यावरच्या वेणूबाईंनी त्यांच्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगसाठी उत्तरेश्वर नावाचा कॉन्ट्रॅक्टर ठरवला. करारात एक ओळ: खालच्या फ्लॅटचं छतही तोच दुरुस्त करून रंगवून देईल. झेरॉक्स त्यांनीच आणून दिली. कल्याणीने आभार मानून चहा टाकला. मी मात्र नीट वाचलं. सह्या दोघांच्या. छत माझं, सही माझी कुठेच नाही!

४ जुलै
भाचा विक्रम वकील आहे. त्याला फोन. म्हणाला, मामा, करार ज्यांच्यात झाला, दावा साधारण त्यांनाच करता येतो. तुम्ही त्यात त्रयस्थ. फुकट छत मिळतंय, घ्या.
अनुभव कमी आहे त्याचा. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं फायली हाताळल्यात.
निश्चय: माझा हक्क लेखी मान्य केल्याशिवाय छताला हात लावू द्यायचा नाही.

७ जुलै. १०.३०
उत्तरेश्वर शिडी आणि पुट्टी घेऊन दारात. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, तुमच्यावर दावा करण्याचा हक्क मला आहे, हे आधी लिहून द्या. तो म्हणाला, काका, काम करून दिल्यावर दावा कशाला लागेल?
मुद्दा टाळला. परत पाठवला. जाताना त्याने बंद दाराचा फोटो काढला. काढू दे.
कल्याणीने हॉलमध्ये गादी घातली.

८ जुलै
पुन्हा आला. पुन्हा नाही. पुन्हा फोटो.

९ जुलै
दारावर सूचना लावली: 'हक्क मान्य नसल्यास बेल वाजवू नये.' त्याने वाजवली नाही. सूचनेचा फोटो काढून गेला. पहिला विजय.

११ जुलै
वेणूबाईंचं पत्र. त्यांचं बाथरूम झालं. उत्तरेश्वर तीनदा आला, त्याला आत घेतलं नाही, सबब दोघांनी संमतीने छताची ओळ करारातून काढली आहे.
विक्रम म्हणाला, काम करायला दारात आलेल्या माणसाला तुम्हीच परत पाठवलंत. सुटला तो.
सुटला कसा? मी सोडलेलं नाही.

१२ जुलै
गळती थांबली, पण ताटाएवढा पोपडा कल्याणीच्या उशीवर पडला. ती हॉलमध्ये होती म्हणून वाचली. माझ्या ठाम भूमिकेमुळेच ती हॉलमध्ये होती, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती मग उशी गॅलरीत नेऊन बराच वेळ झटकत होती.

१६ जुलै. संध्याकाळी ६
कल्याणीने सकाळीच लोणच्याची बरणी देऊन हडपसरला ताईकडे पाठवलं. विक्रमला फाईलही दाखवता येईल, असं तिनेच सुचवलं. स्वारगेटला बस बदलून गेलो. विक्रम घरी नव्हता.
परत आलो तर बेडरूमचं छत पांढरंशुभ्र. डायनिंग टेबलावर एक दहावीतली मुलगी भूमिती सोडवत बसलेली. उत्तरेश्वरची मुलगी. तीस वर्षं गणित शिकवलेली कल्याणी तिला मार्चपर्यंत शिकवणार, बदल्यात त्याने छत करायचं. नवा करार.
मला का विचारलं नाही, असं मी कडक शब्दांत विचारलं.
"अहो, तुम्ही त्यात कुठे होता? त्याची अट एकच होती, तुम्ही घरात नसावं."
मला हे मान्य नाही. इथे नोंदवून ठेवतो.
कल्याणी विचारतेय, परवा पुन्हा हडपसरला जाल का. रंगाचा दुसरा हात राहिलाय.