यादीत राहिलेलं नाव

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी संगणकाचा काळा पडदा समोर आला की पाठीमागे तुमच्या चपलांचा आवाज येतो आणि मी वळून पाहते. कुणी नसतं. असणार तरी कुठून!

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्ध्याच्या आपल्या कॉलेजात युनिक्सवर चालणारं संगणकाचं मशीन आलं, आणि पवनारहून बसनं येणारी मी त्याला वचकून असायची. आज्ञेपुढे बाण काढला की उत्तर पडद्यावर न येता फाइलीत जातं, असं तुम्ही शिकवलं होतं. मी बाण काढला, पडदा कोराच. पुन्हा काढला, पुन्हा कोरा. मला रडूच यायला लागलं. तुम्ही मागे उभे. "काऊन घाबरून राह्यली? उत्तर आलं ना. तुले दिसलं नाई, एवढंच. अन् घडीघडी तेच करशीन तं पयलं पुसत जाते." खडसावलंत, आणि लगेच मऊ होऊन विचारलंत, "तुह्या बापानं वावरात पाइपाले टी बसवली हाये ना?"

बसवली होती. एक तोंड गव्हाकडे, एक वांग्यांकडे. तुम्ही म्हणालात, तशीच टी इथेही आहे. आज्ञेला जोडली की उत्तर पडद्यावरही दिसतं आणि फाइलीतही उतरतं. मी शेतकऱ्याची पोर, पटकन बोलून गेले, "पण सर, टी लावली का पाणी अर्धं अर्धं होते." तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. "इथं नाई होत, पोरी. दोन्हीकडं पुरंच जाते."

त्या शनिवारी "जेवून येतो, माह्यं चालू राहू देजो," म्हणून तुम्ही सायकलवर घरी निघालात आणि वाटेतच गेलात. सोमवारी मी 'हू' लिहिलं. मशीनवर आत्ता कोण कोण बसलंय, त्याची यादी येते त्यानं. यादीत तुमचं नाव होतं. मशीनमधून तुम्ही बाहेर पडलाच नव्हतात ना! आधी माझ्या अंगावर काटा आला, मग हायसं वाटलं. आठवडाभर आम्ही पोरंपोरी येता-जाता 'हू' लिहून पाहायचो. मग विभागप्रमुख मला म्हणाले, "असं किती दिवस ठेवणार? मशीन बंद करून नव्यानं सुरू कर."

मी बसते. बंद केलं की तुम्ही जाणार, हे मला ठाऊक आहे. 'हू'ला टी जोडते. तुमचं नाव पडद्यावर येतं आणि माझ्या फ्लॉपीतही उतरतं. मग मशीन बंद करते. पुन्हा सुरू होतं तेव्हा यादीत मी एकटीच असते.

ती फ्लॉपी माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. हे पत्रही तिथेच ठेवीन. जुन्या फ्लॉप्या वाचणारं यंत्र मुलगा आणून देतो म्हणतो. मीच नको म्हणते. ती कोरी निघाली, तर "दिसलं नाई, एवढंच," असं मला म्हणता येणार नाही, सर.