हरणाचे वाकडे पाय

चिमणे,

लाकडावर तुझ्या हरणाचे पाय वाकडे कोरले गेले, ते तुझ्या चित्रामुळे नव्हे. परवा मी उगाच तुझ्यावर खेकसलो. आज सकाळी तेच चित्र आपल्या कोरीवकामाच्या मशीनवर पुन्हा कोरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पाय अगदी सरळ आलेत.

मशीनची स्टेपर मोटर काढून सर्वो मोटर बसवूया का, असं तू विचारलं होतंस. स्टेपरला शंभर पावलं चाल म्हटलं की ती चालते, पण मध्ये एखादं हुकलं तर तिला पत्ताच नसतो. सर्वो आपण कुठे पोहोचलो ते सतत तपासते आणि चुकलं तर सावरते. आपल्या छोट्या कामाला स्टेपर पुरते, फक्त तिला पळवायचं नाही. पळवली मीच. चहाच्या आधी उरकावं म्हणून वेग दुप्पट केला होता, त्यातच तिची पावलं हुकली.

नवं हरीण खिडकीत ठेवलंय. पॉलिश तू कर. मी दातांच्या डॉक्टरांकडे जातोय. जेवण ओट्यावर झाकलंय.

मशीनला पुन्हा हात लावणार नाही म्हणालीस, तेवढं मागे घे. हवं तर आधी माझा कान पीळ.

आजोबा