माटोळीच्या सहा काठ्या

१७ ऑगस्ट २०२५

सहाच्या सहा! बिबोने आज एकही काठी पाडली नाही. मी अंगणातच रडले. शेजारची कमलाक्षी बघत होती — बघू दे.

ह्यांचंच हे वेड. काजूच्या बागायतीत सापडलेलं पिल्लू, त्याला म्हणे शर्यतीच्या उड्या शिकवणार! त्यासाठी माळ्यावरून चवथीच्या माटोळीच्या काठ्या काढल्या. मी केवढी भांडले — "देवाच्या डोक्यावर फळं टांगायच्या काठ्या, कुत्र्याच्या पायाखाली?" तर हसत म्हणाले, "गणपतीला उंदीर चालतो, कुत्र्याने काय घोडं मारलंय?" आणि गेल्या वर्षी जुलैत गेलेच. छातीत कळ आली, पेडण्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं.

एकवीस सप्टेंबरला मांद्र्याला कुत्र्यांची शर्यत आहे. फॉर्मवर मालक म्हणून मी ह्यांचंच नाव लिहिलंय. दत्तप्रसाद. एवढं एक त्यांचं राहिलेलं पुरं करायचंय.

१९ ऑगस्ट

मांद्र्याची अंकिता बिबोला शिकवायला येते, तिचं पुन्हा तेच. "काकी, काठ्यांची जागा बदला. जूनपासून सांगतेय." नाही बदलणार! ते खड्डे ह्यांनी खणले, खुंट ह्यांनी रोवले. शेवटच्या काठीपुढे, तुळशीपाशी, हे त्याच्यासाठी पाव घेऊन उभे राहायचे. त्या जागेवर अजून माझा पाय ठरत नाही. मी आपली सोप्यावरूनच हाक मारते.

सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराच्या सायकलवर बिबो धडकला. "डोळे फुटले काय रे?" मी म्हटलं. पोदेर हसला, मीही हसले.

२५ ऑगस्ट

वर्षश्राद्ध झालं, यंदा माटोळी बांधायची. दीर शांताराम काठ्या आत घेऊन गेले. आरतीची माणसं अडखळतील म्हणून खुंटही उपटले. एका काठीवर बिबोच्या नखांचे ओरखडे होते. ती धुतली आणि तशीच दिली.

२९ ऑगस्ट

अंकिताने आपल्या काठ्या आणून परसात मांडल्या. बिबो पहिल्याच काठीवर आपटला. पुन्हा सोडला, पुन्हा आपटला. ओठातून रक्त. आणि मी — मी त्याला चप्पल मारली! "ह्यांचं नाव घालवतोस?"

अंकिताने माझा हात धरला. मोबाईलची बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारली. पापणी हलली नाही. माझ्या आवाजाकडे तोंड करून तो शेपटी हलवत होता.

"काकी, ह्याला दिसत नाही."

३० ऑगस्ट

गोचिडांचा ताप, त्यात डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने तरी झाले असतील. "जूनमध्ये आणला असता तर..."

जून! पोर जूनपासून घसा फोडत होती. एकदा जागा बदलली असती तर तेव्हाच आपटला असता, तेव्हाच कळलं असतं. तो बिचारा पाठांतरावर उड्या मारत होता आणि मी आनंदाने रडत होते. खड्डे जपले, डोळे घालवले. ह्यांना काय तोंड दाखवू?

शर्यतीतून नाव काढलं.

३१ ऑगस्ट

सकाळी बिबो आपणच अंगणात उतरला. काठ्या माटोळीत, अंगण रिकामं. तरी धावला. उड्या मारल्या. सहाच्या सहा.

मग तुळशीपाशी, ह्यांच्या जागेसमोर, तोंड वर करून बसून राहिला.

मी पाव घेतला आणि तिथे जाऊन उभी राहिले.