खराडी की बाणेर: माझा तौलनिक अहवाल

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. काल भक्तीचा पुण्याहून फोन आला. ती आणि जावईबापू हरिओम तिकडे फ्लॅट बघतायत. फोन ठेवता ठेवता म्हणाली, बाबा, तुमचंही लक्ष असू द्या. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली. साहजिक आहे. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली, अर्ध्या परभणी जिल्ह्याचे बांध माझ्या साखळीने मोजले. लहानपणी वहीला कव्हर कुठल्या रंगाचं घालू, हेसुद्धा पोरगी मला विचारायची.

संकल्प: पुण्याच्या नव्या भागांचा, तिथल्या टॉवरांचा, एकूण स्कायलाइनचा तौलनिक अहवाल. खराडी, बाणेर, हिंजवडी, मगरपट्टा. सगळं शास्त्रशुद्ध. अठ्ठावीस तारखेच्या आत भक्तीच्या हातात. बायकोला, मालनला सांगितलं. ती म्हणाली, आधी गिरणीतून दळण आणा.

३ फेब्रुवारी
दोनशे पानी रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर शीर्षक, खाली लाल शाईच्या दोन रेघा. दुसरी वाकडी गेली. पान फाडलं. पुन्हा शीर्षक. सुरुवात झकास. दळण राहिलं.

५ फेब्रुवारी. संध्याकाळ
पुण्याआधी तालीम हवी म्हणून परभणीतच काम काढलं. बसमत रोड विरुद्ध जिंतूर रोड. पद्धत माझी स्वतःची: हात सरळ पुढे, अंगठा वर, एक डोळा बंद, आणि इमारत किती अंगठे भरते ते मोजायचं. बसमत रोडला अंगठा वर केला तर एक मोटारसायकल थांबली. त्याला वाटलं लिफ्ट पाहिजे. नको म्हटलं. दुसरी थांबली. तिसऱ्याने इतक्या अदबीने ‘बसा काका’ म्हटलं की नाही म्हणवेना. त्याने कृषी विद्यापीठापाशी सोडलं. तिथे उंच म्हणावं तर झाडं. रिक्षाने परत आलो. जिंतूर रोड बाकी.

या गावात माणसाला सरळ उभं राहून अभ्यास करू देत नाहीत.

८ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. दिनकररावांचा फोन. दिनकरराव म्हणजे हरिओमचे वडील, माझे व्याही, मुक्काम ताडकळस. म्हणाले, ‘पाव्हणं, पोरं घर घ्यायलेत, मी बी लक्ष ठिवायलोय. सूनबाईनं सांगितलंय तसं.’

भक्तीने त्यांना मान म्हणून सांगितलं असणार. मला मनापासून सांगितलं. फरक आहे. त्यांना स्कायलाइन म्हणजे काय हे दहा मिनिटं समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते ऱ्हाऊ द्या हो, हवा कुणीकडून येती ते बघा.’ असल्या माणसाशी काय स्पर्धा करायची? मी करणारच नाही. पण त्यांच्या आधी पुणं गाठलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी. पुणे
रात्रीच्या गाडीने आलो, भक्तीच्या भाड्याच्या घरी उतरलो. सकाळीच गच्चीवर जाऊन बघितलं. पहिला निष्कर्ष हाती: या शहरात पहिल्या नंबरची स्कायलाइनच नाही. जुन्या पेठा बुटक्या, आणि उंच जे काही आहे ते कडेकडेला, वेगवेगळे घोळके करून. सगळे दुसरे नंबर. निकाल लावायला माझ्यासारखा माणूस पाहिजेच होता. भक्तीला हे सांगायला गेलो तर तिची मीटिंग सुरू होती. हाताने थांबा म्हणाली. थांबलो. दुसरी मीटिंग सुरू झाली.

१५ फेब्रुवारी. खराडी
सकाळी दहाला एका मोठ्या टॉवरसमोर उभा राहिलो. अंगठा वर केला. रिक्षा थांबली. तिला घालवली तोवर गेटवरचा वॉचमन आला. दरडावून म्हणाला, कोण पाहिजे? मी ‘कोणी न्हाई’ म्हटलं. बास. त्याचा चेहराच बदलला. ‘काका, गाव कुठलं तुमचं?’

भुजंग नाव. पूर्णा तालुक्यातला. केबिनमध्ये खुर्ची दिली, चहा मागवला. आपल्या भागातलं माणूस भेटल्यावर चहा न घेता उठलं तर ते गावापर्यंत कळतं, म्हणून बसलो. मग त्याचा जोडीदार आला, तो सेलूचा. पुन्हा चहा. सेलूवाल्याच्या मावसबहिणीच्या शेताची मोजणी मीच केलेली निघाली, त्यात बांध दोन हात सरकला म्हणे. त्यावर दीड तास. केबिनच्या खिडकीतून टॉवर दुसऱ्या मजल्यापर्यंत दिसतो. तेवढाच मोजला: चार अंगठे.

निष्कर्ष: खराडी, उत्तम वस्ती.

१६ फेब्रुवारी. बाणेर
आज कोणाशी बोलायचं नाही असं ठरवून निघालो. इथला वॉचमन सिद्धोधन, मानवतचा. तो बोलला, मी काय करू? त्याने डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा पुढे केला. बावीस मजले आहेत, म्हणे, वरचे लोक लिफ्टने उतरून थेट गाडीत बसतात. ‘काका, चार महिने झाले हितं. माझं गाव इचारणारे तुमीच पहिले.’ हे ऐकून मला कसंतरीच झालं. टॉवर मोजायचं सुचलंच नाही. साडेतीनला आठवलं.

अंगठे: साडेसहा. खराडी तर चारच भरली होती! बाणेर फार पुढे आहे. निष्कर्ष: बाणेर उत्तम. अडचण: खराडीही उत्तमच लिहून ठेवलंय.

१७ फेब्रुवारी
चष्मा सापडत नाही. खराडीच्या केबिनमध्ये राहिला. म्हणजे खराडी चष्म्याने मोजली आणि बाणेर चष्म्याशिवाय. दोष माझा नाही, इतका चहा पाजणाऱ्यांचा आहे. भुजंगला फोन केला. चष्मा जपून ठेवलाय, पण तो ड्युटी बदलून मगरपट्ट्याला गेलाय. म्हणजे मगरपट्टाही होऊन जाईल.

सायंकाळी: मगरपट्ट्याला चष्मा मिळाला. चहा. टॉवर गोल आहेत असं वाटलं. अंधार पडला.

रात्री जेवताना अहवालाचा विषय काढला. भक्ती म्हणाली, बाबा, वरण घ्या अजून. हरिओम मोबाइलमध्ये बघत हसला. कामाचा ताण फार आहे पोरांना.

२८ फेब्रुवारी. परभणी
मुदत संपली. अहवालाचं पान तिसरं. कारणं: एक, शेजारच्या लग्नाचा मांडव. दोन, लाल पेन सुकलं. तीन, मालन. रोज एकदा तरी म्हणते, ‘अवो, कशाला तरास करून घ्यायलाव?’ आज वर म्हणाली, ‘पोरगी शानी हाय, घेईल तिचं ती.’ घराला माणसाचा अनुभव लागतो हे हिला कळत नाही.

हिंजवडी वगळली. लांब आहे.

९ मार्च
दिनकरराव पुण्याला जाऊन आले. कोणत्या तरी गेटवर रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभे राहिले, आणि ठरवलं: खराडी! मोजमाप नाही, नोंद नाही. फोनवर मला म्हणतात, ‘लय भारी वारं हाय, पाव्हणं. पोरांना सांगून टाकलं मी.’

म्हणून मी बाणेर नक्की केलं. कारण निव्वळ शास्त्रीय आहे. अंगठे साडेसहा.

१५ मार्च
अहवाल पूर्ण! अकरा पानं. एकेका पानाचा फोटो काढून भक्तीला व्हॉट्सॲपवर पाठवला. शेवटच्या पानावर लिहिलं, खराडी घेतल्यास माझी संमती धरू नये. पहिल्या पानावर निळ्या खुणा आल्या. बाकी दहा करड्याच. नेट स्लो असणार.

१७ मार्च
अजून करड्या.

१९ मार्च
भक्तीचा अंगठा आला. खालीवर काही नाही, फक्त अंगठा. पसंती समजायची. बाणेर पक्कं.

२२ मार्च, शनिवार. दुपार
फॅमिली ग्रुपवर पत्रिका आली. पाडव्याला गृहप्रवेश. पत्ता धायरीचा. बाणेर नाही, खराडी नाही, धायरी! चार मजल्यांची इमारत, तिसरा मजला. मी धायरीला रजिस्टरमध्ये पानसुद्धा दिलं नव्हतं.

मालनला विचारलं. तिला माहीत होतं. व्यवहार जानेवारीतच झाला होता. म्हणजे तो फोन यायच्या आधी. मग मला का नाही सांगितलं, असं मी ओरडूनच विचारलं. ती म्हणाली, ‘सांगणारच व्हतो. पण तुमी लगेच रजिस्टर घेऊन आलाव. रिटायर झाल्यापासून इतकं खुश बघितलं नव्हतं तुमाला. मग कुणाचंच धाडस व्हईना.’

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.

५:१५. दिनकररावांचा फोन. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग हळूच म्हणाले, ‘धायरीचं तुमाला म्हाईत व्हतं का?’ मी म्हणालो, अर्थात, मीच सुचवलं. मग म्हणाले, ‘मला बी इचारलंच व्हतं म्हना तिनं.’ फोन ठेवला. दोघांनीही.

३० मार्च, पाडवा. पुणे. दुपारी ३:१०
पूजा झाली, जेवणं झाली. घर चांगलं आहे. लोकांना दाखवताना भक्तीचा चेहरा उजळून निघाला होता. जरा एकटी सापडली तेव्हा विचारलंच. मला एकदा विचारायचं तरी होतंस, बाळा. ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला विचारलं असतं तर मामंजींनाही विचारावं लागलं असतं. तुम्ही बाणेर म्हणाला असता, ते खराडी म्हणाले असते, आणि मी आणि हरिओम भांडत बसलो असतो. म्हणून दोघांनाही लक्ष ठेवायला सांगितलं, आणि आम्ही घर घेतलं.

तिच्या मोजणीत चूक काढायला जागाच नव्हती.

घरात पाहुणे फार. आम्हा दोघा व्याह्यांना आडवं व्हायला एकच खोली दिली आहे, जमिनीवर दोन गाद्या. मी हात धुऊन येईपर्यंत दिनकररावांनी खिडकीखालची गादी घेतली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, बाकी काही नाही. तरी ती गादी मला हवी होती. आता घोरतायत.