मुमताजभाभींचा चहा

३ ऑक्टो., शुक्र.

महिन्यातला पहिला शुक्रवार, उपास. अल-खोबरला ब्रदर हॅरिस यांच्या घरी सभा. खुर्च्या मी लावल्या. गेल्या खेपेला कुणी लावल्या होत्या कोण जाणे, गुरं बांधल्यासारख्या. भाकर-पाण्याचा ट्रे खालून तेलकट. प्रभूच्या मेजावर ठेवायची वस्तू, आणि कुणाला किळस नाही. रुमालाने पुसला. रुमाल वाया.

सभेनंतर हॅरिस यांनी बाजूला घेतलं. आमच्या मंडळीच्या इथल्या शाखेचे अध्यक्ष ते. ३१ तारखेला आम्हा नवराबायकोची मुलाखत. ती नीट झाली की सेवा-दांपत्य म्हणून नेमणूक आणखी दीड वर्ष. म्हणाले, जुबैलला तुमच्यासारखं दुसरं जोडपं माझ्याकडे नाही. खरं आहे ते. मी फक्त मान हलवली.

नववी नापास माणूस मी. इंग्रजी शिकलो ते मशीनच्या पुस्तकांतून आणि शास्त्रातून, कुणाची शिकवणी न लावता. मॉर्मन पंथाचा ख्रिस्ती झालो, चहा-कॉफी वर्ज्य झाली, तेव्हा संगमनेरला थोरले बंधू सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता याचा चहाही सुटला. उरलं काय?" आज त्यांना फोन केला. म्हटलं, हे उरलं.

शालिनी शेजारी कांदा चिरत होती. "अहो, अजून मुलाखत व्हायचीय."

तिचं काय. प्रश्न पाठ आहेत, उत्तरंही.

६ ऑक्टो., सोम.

वर्कशॉपात दिवसभर प्रेशर गेज तपासले. एका गेजची काच कुणीतरी थुंकी लावून पुसलेली. थुंकी. हातमोजे घालून साबणाने धुतली.

संध्याकाळी दोघं कामगारांच्या कॅम्पवर. राहुरीचा बन्सी, वेल्डर, तापाने पडलाय. शा.ने गोळ्या दिल्या, ताप पाहिला. न्हाणीघरात पाणी तुंबलेलं, त्यात कुणाची बनियन तरंगतेय, आणि शेजारी उभं राहून एक जण शांतपणे दात घासतोय. मला जेवण गेलं नाही.

चहा आला. बन्सी तापातसुद्धा गप्प बसत नाही. "काका, चहा का नाही घेत? काकूंनी तंबी दिलीय का?" सगळी खोली हसली.

आम्ही इथे धर्माचं बोलत नाही. सौदीचा कायदा तो, आणि मंडळीचा हुकूमही तोच. आजारी, अडलेला, मेलेला, जो असेल त्याचं करायचं आणि उठायचं. चहा का नाही याचं कारण सांगितलं की धर्माचं बोलणं झालं. म्हणून मी कपावर पालथा हात ठेवतो. हसायचं नाही, सबब द्यायची नाही. ही माझी पद्धत. शा.लाही तीच शिकवली.

८ ऑक्टो., बुध.

मुमताजभाभींकडे. खेडच्या बाई. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका, उजवा हात लुळा, बोलणं जड. नवरा सलीमभाई प्लांटवर ऑपरेटर, शिफ्टवर गेला की बारा तास नाही. शा. हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून सुटली की त्यांच्याकडे जाऊन हाताचे व्यायाम करून घेते.

सेवेला दोघांनी बरोबरच जायचं, हा मंडळीचा नियम. पण घरात पुरुष नसताना मी आत जाणं इथे शोभत नाही. तोडगा मी काढला. मी दाराबाहेर, जिन्यावर. मध्ये फक्त भिंत. नियम मोडला नाही.

पण तो जिना. मांजराच्या मुताचा वास डोळ्यांत जातो. कुणाच्या तरी फाटक्या पिशवीतून कब्शाचा भात पायरीपायरीवर, वर हाडं, हाडांवर माश्या. खालच्या मजल्यावर गुंडाळलेला डायपर, गेल्या खेपेचाच. वर्तमानपत्र अंथरून बसलो. घरी आल्यावर पँटसुद्धा बादलीत.

आतून दोघींचं हसणं. व्यायामाला एवढं हसू कसलं येतं.

१३ ऑक्टो., सोम.

गाडीत शा. बसली आणि वास आला. आलं, वेलची, आणि त्यांच्याखाली उकळलेली पूड. माझं नाक फसत नाही. अबायाच्या बाहीवर डाग, ओला, कडेला पिवळट.

"हे काय?"

"चहा."

"कुणाचा सांडला?"

"माझा."

सिग्नल सुटला होता. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर विचारलं, कधीपासून. "रमजान संपल्यावर महिन्याभराने." मग मला का नाही बोललीस. "तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत, सांगितलं."

शिसारी आली. उन्हाळा गेला सगळा. रोज संध्याकाळी एका टेबलाशी डोळे मिटून प्रार्थना, आणि त्याच तोंडात... माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. तिने पाहिलं.

३१ला तिला विचारणार: चहा-कॉफीचा नियम पाळता का? ती 'नाही' म्हणणार. मी ओळखतो तिला. नेमणूक दोघांची मिळून असते. एकाचं गेलं की दुसऱ्याचं गेलं. आणि थोरल्या बंधूंना मी फोन करून बसलोय.

१७ ऑक्टो., शुक्र.

सभेला गेलो. जेवताना हॅरिस यांच्या हातात कोलाचा पेला, पेला कसला, फुलदाणी. बर्फ चावतात. कडाकडा. दाढा दिसतात. माणूस देवासारखा, पण त्या वेळी मी दुसरीकडे बघतो.

परतताना शा. म्हणाली, "त्यांच्या त्या काळ्या पाण्यात काय शास्त्रातलं दूध आणि मध वाहतं?"

"कोलाला मनाई नाही."

"मग मुमताजभाभींना सांगते, कोला उकळत जा. आलं टाकून."

एकटीच हसली. मी म्हटलं, नियम मी केलेला नाही. ती म्हणाली, "मी कुठे नियमाला नाव ठेवतेय? मी मोडला, एवढंच म्हणतेय."

हे जास्त वाईट. नियम चूक आहे म्हणाली असती तर वाद घालता आला असता.

२० ऑक्टो., सोम.

शांतपणे विचार करून तिच्यापुढे मांडलं. आजपासून ३१पर्यंत चहा बंद कर. त्या दिवशी 'पाळते' म्हणालीस तर ते खोटं ठरणार नाही.

"आणि एक तारखेला?"

त्यावर मी म्हटलं, गेजचा काटा आधी शून्यावर आणावा लागतो, पुढचं पुढे.

"मी तुमच्या टेबलावरचा गेज नाही." मग हातातलं काम ठेवून माझ्यासमोर बसली. म्हणाली, सुरुवातीला मीही कपावर हात ठेवत होते. तुमची पद्धत. भाभी मुकाट कप उचलायच्या, आणि मग त्यांचा तो हात मांडीवर पडलेला, मेल्या माशासारखा. रबराचा चेंडू देते, फेकून देतात. म्हणतात, पोर आहे का मी? पाहुणीला चहा द्यायचा म्हटलं की मात्र उठतात. उजव्या हाताने गॅसची कळ फिरवतात. महिनाभर मी नाही म्हटलं, महिनाभर हात हलला नाही. एक दिवस घेतला. "दुसऱ्या दिवशी त्यांनी कप उजव्या हातात धरला."

मी म्हटलं, सरबत करू दे की.

"सांगितलं. म्हणाल्या, सरबत काय, ते सलीमपण करतो."

पण हात हलला म्हणून चहाचा काही काढा होत नाही.

२२ ऑक्टो., बुध.

आज सलीमभाईंची सुट्टी. दार त्यांनीच उघडलं. "या गायकवाडसाहेब, आत या. किती दिवस जिन्यावर बसणार? घरमालकाला वाटतंय मी वॉचमन ठेवला."

आत गेलो. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, घामाने पाठीला चिकटतं. टेबलावर साखरेचा थर, बोट लावलं तर उठेना. भाभींच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ येते. त्या खांद्यावरच्या टॉवेलने टिपतात आणि त्याच टॉवेलने कप पुसतात. हे मी पाहिलं. पाहायला नको होतं.

उठल्या. सलीमभाई अर्धे उठले, शा.ने डोळ्यांनीच खाली बसवलं. गॅस, पातेलं, पूड. पूड निम्मी ओट्यावर. दूध उतू गेलं, जळका वास. कुणी मदतीला जात नाही. सगळे असे बसलेले जणू काही चाललंच नाहीये, आणि शा. सलीमभाईंना खोबरच्या मासळीबाजाराचं विचारतेय.

मग कप-बशी उजव्या हातात. डावा हात खाली धरलेला, पण लावलेला नाही. कप बशीवर दातांसारखा वाजत होता. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्यापर्यंत आल्या. वर साय, जाड, सुरकुतलेली. बशीत चहाचं तळं.

"घेवा, भावजी."

कपावर हात ठेवायचा तर कप टेबलावर हवा. कप त्यांच्या हातात होता. मी हात ठेवला असता तर तो सांडला असता, त्यांच्या अंगावर, आणि...

मी म्हटलं, "पोट बिघडलंय, भाभी."

चेहरा पडला नाही. उलट काळजी. "कवापासून?"

"काल."

कप सलीमभाईंनी घेतला. शा.ने स्वतःचा बशीत ओतून फुरके मारत प्यायला, माझ्याकडे बघत. घरी ती फुरके मारत नाही.

गाडीत म्हणाली, "काल तर तुम्ही दोन वेळा भात घेतलात."

२६ ऑक्टो., रवि.

शा. एक बाटली घेऊन आली. जुनी कोलाची बाटली, लेबल अर्धं निघालेलं, बाहेरून चिकट. आत तपकिरी काढा, तळाशी गाळ. ओवा, बडीशेप, सुंठ.

"भाभींनी पाठवलंय. तुमच्या पोटासाठी."

कुटलेला ओवा बाजारात मिळतो. हा विकतचा नाही. खलबत्त्यात कुटलाय. उजव्या हाताने. बत्ता दोनदा पायावर पडला, अंगठा काळानिळा झाला, तरी सोडला नाही, असं शा. सांगते. चहाच्या कपाइतकं हलकं काम नाही हे. सहा-सात महिन्यांत तिला हे करवून घेता आलं नव्हतं.

"तुमच्या पोटाने केलं," म्हणाली. टोमणा होता. पण तिचे डोळे भरले होते, म्हणून टोमणा म्हणता येत नाही.

बाटली फ्रीजमध्ये, सगळ्यांत मागे. भाजीला लागणार नाही अशी.

२९ ऑक्टो., बुध.

सलीमभाईंचा फोन, प्लांटवरून, मागे मशीनचा आवाज. "भाईसाहेब, पोट कसं आहे? काढा घेतला का? ती दर तासाला विचारते मला."

"घेतला. आराम आहे."

फोन ठेवला. फ्रीज उघडला. उभ्यानेच बाटली तोंडाला लावली. भरड ओवा, घशाला विस्तव. गाळात सुंठेची तंतू तंतू झालेली साल, दाताच्या फटीत अडकली. आणि एक केस. लांब, काळा, मेंदीने अर्धा लाल. तो काढून सिंकवर ठेवला आणि उरलेला प्यालो. ओकलो नाही.

वळलो तर शा. दारात.

"आता खरं झालं का?"

३१ ऑक्टो., शुक्र.

अल-खोबर. हॅरिस यांच्या घराबाहेर, गाडीत लिहितोय. सभा संपली. मुलाखतीला शा. आधी आत. मी भिंतीच्या या बाजूला, सवयीप्रमाणे. इथे निदान मांजरं नाहीत.

सकाळी निघताना सलीमभाईंनी फोन करून त्यांच्या घराखाली थांबवलं, खाली येऊन दुसरी बाटली देऊन गेले. पहिलीने आराम पडला म्हणून. भाभी खिडकीत उभ्या होत्या. उजवा हात वर केला, खांद्यापर्यंत. मीही केला.

रस्ताभर मी शा.ला काहीही सांगितलं नाही. काय म्हण, काय म्हणू नको, काहीच नाही. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

चहाचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर माझ्याकडे चोख आहे, मंडळीत आल्यापासून चोख आहे. त्याच्या आधी कुठेतरी दुसरा येतो: सर्वांशी खरेपणाने वागता का? तो मी आजवर कधी नीट ऐकलाच नाही. प्रश्न संपायच्या आत 'हो' म्हणून मोकळा झालेलो असायचो.

कप भाभींच्या हातात होता हे हॅरिस यांना कसं सांगायचं. त्यांनी कप-बशी पाहिलीय का कधी, वाजताना.

बंधूंचा मेसेज: झाली का मुलाखत?

शा. बाहेर आली. काचेवर टकटक.

"काय सांगितलंस?"

"विचारलं ते."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी ब्रदर गायकवाडांचं ऐकतो." पदराने घाम टिपला. "जा. वाट बघतायत. बर्फ चावून झालाय त्यांचा."

बाटलीचं झाकण नीट बसलेलं नाही, सीटवर ओघळ आलाय. गाडीभर ओव्याचा वास. हा काही निघायचा नाही. उतरतो.